पाणीवर्ष

विहिरीला पाणी किती खोल आहे ते मोजायला आता चांगली यंत्रं मिळतात. मी अजून खडा टाकतो. खडा सोडायचा, मनात आकडे म्हणायचे आणि आवाज आला की थांबायचं. मालकाला विचारण्यात अर्थ नसतो. तो नेहमी दहा फूट कमीच सांगतो. पाणी खोल गेलं म्हणजे घराण्याला बट्टा लागला, अशी त्याची समजूत असते.

चाळीस वर्षं मी मोटारी बसवल्या आणि जळालेल्या मोटारी बाहेर काढल्या. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. मी आयटीआय करून जळगावच्या पिंप्राळ्याला दुकान टाकलं. आता त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकतात. धुळ्यापासून चोपड्यापर्यंतच्या पट्ट्यात मला रहीम मिस्तरी म्हणून ओळखतात, म्हणजे जे उरलेत ते ओळखतात.

धंदा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो. विहीर रुंद असते, बोअर अरुंद. विहिरीचं पाणी वरच्या थरांतून झिरपून येतं आणि उघड्यावर पडून राहतं. बोअरचं पाणी तीनशे-चारशे फुटांवरून मोटारीने ओढून आणावं लागतं. खोलवरचं पाणी कोमट असतं. थंडीत सकाळी बोअर सुरू केला की पाइपाच्या तोंडाशी वाफ दिसते आणि नवीन माणूस घाबरून मोटार बंद करतो. चवही थोडी जड असते. एवढं लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट यावरच आहे.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची भेटली. बोअर कुठे घ्यायचा हे सांगणारा एक पाणाड्या होता. तळहातावर नारळ धरून तो शेतात फिरायचा. नारळ उभा राहिला की तिथे पाणी. नारळ नेहमी बांधाजवळच उभा राहायचा, कारण तिथे सावली होती. धुळ्याच्या एका कॉलनीत तर बोअरचं उद्घाटन होतं. मांडव, हार, निवेदक, पुढारी, सगळं हजर. बोअर मात्र कोरडा निघालेला. आयोजक माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मिस्तरी, दहा मिनिटं पाणी दाखवा, पुढचं पुढे बघू." मी मागच्या गल्लीत टँकर उभा केला, पाइप जोडला, पुढाऱ्यांनी कळ दाबली, पाणी आलं, टाळ्या झाल्या. कुणीही विचारलं नाही, नंतरही नाही. लोकांना पाणी दिसलं की पुरतं, ते आलं कुठून याच्याशी कुणाला कर्तव्य नसतं, असं मी त्या दिवशी शिकलो. चुकीचं शिकलो. पण ते कळायला वीस वर्षं लागली, आणि ज्यांच्यामुळे कळलं त्यांच्याविषयीच लिहायचं आहे. एका पंथाला एक माणूस हवं होतं, फक्त एक. मी मदत करायला गेलो.

पंथाचं नाव लिहीत नाही. त्यांना स्वतःची जाहिरात चालत नाही, आणि आता नाव घेऊन काही साधणारही नाही. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचा मठ आहे. दुसरा धुळ्याला होता. संसारी अनुयायी जळगाव, दोंडाईचा, शिरपूर असे पसरलेले. ते नोकऱ्या, दुकानं करतात आणि सणाला मठात येतात. मठात राहणारे मात्र दीक्षा घेतलेले व्रतस्थ. त्यांचा मुख्य नियम एकच. स्वतःच्या हाताने विहिरीतून ओढलेलं पाणीच प्यायचं. दुसऱ्याने ओढलेलं नाही, यंत्राने ओढलेलं तर नाहीच. बाकीचे नियम याच्याच पोटातले. कुणाला पंथात या म्हणून बोलवायचं नाही. दुसऱ्याची चूक आपल्या तोंडाने बोलायची नाही, ज्याची त्याने सांगायची.

दीक्षा हवी असेल त्याने एक वर्ष मठात राहून रोज विहिरीचं पाणी ओढायचं, पिण्याचं, अंघोळीचं, झाडांचंही. याला पाणीवर्ष म्हणतात. वर्ष पुरं झालं की जुना व्रतस्थ त्या नव्या माणसाने ओढलेलं ओंजळभर पाणी त्याच्या हातून पितो. दुसऱ्याच्या हातचं पाणी पिण्याची हीच एक वेळ. झाली दीक्षा. मंत्र नाही, मिरवणूक नाही, फोटो नाही. मला हा प्रकार पहिल्यापासून पसंत पडला. इतका कमी खर्चाचा धर्म मी दुसरा पाहिला नाही.

मी पहिल्यांदा तिथे गेलो तो मोटार विकायला. तेव्हा पाणी पस्तीस फुटांवर होतं आणि मठात चाळीसेक माणसं. मठ सांभाळणाऱ्या अक्का तेव्हा पन्नाशीच्या असतील. त्यांनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं, मोटारीचं चित्र पाहिलं आणि आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "यंत्र चांगलं शे. पण मंग आम्ही काय करानं?"

त्यांनी मला दोर दाखवला. तहान असेल तर ओढून घे, म्हणाल्या. मी घेतलं नाही. माझ्या पिशवीत बाटली होती. माझ्या हातचं पाणी ते पीत नसत, पण सख्ख्या भावाच्या हातचंही पीत नसत, त्यामुळे मला राग मानायला जागाच नव्हती. मोटार विकली गेली नाही. विहिरीची कप्पी करकरत होती, तिचं काम मात्र मिळालं. त्यानंतर वर्षातून दोनदा कप्पी बघायला मी जात राहिलो.

पुढे केळीच्या बागा वाढल्या, बोअर वाढले आणि विहिरीचं पाणी खाली खाली गेलं. पन्नास, सत्तर, नव्वद. बोअर घेणाऱ्यांत माझे हात सगळ्यात पुढे होते, हे इथे नोंदवलेलं बरं. पाणी जसं उतरलं तशी माणसंही उतरली. म्हातारे गेले, नवे आले नाहीत. अनुयायांची मुलं पुण्याला गेली. धुळ्याच्या मठाने काळाबरोबर जायचं ठरवलं. तिथल्या समितीने ठराव करून विहिरीवर मोटार बसवली, पाणीवर्ष तीन महिन्यांचं केलं. मोटार मीच बसवली. पहिल्या वर्षी चार तरुण आले, फोटोही निघाले. दोन वर्षांनी एकही उरला नाही. शेवटचा निघताना मी तिथे पाइप बदलत होतो. मी विचारलं, काय बिनसलं? तो म्हणाला, "काही नाही हो. हॉस्टेलसारखंच होतं. मग हॉस्टेल परवडलं, तिथे सिनेमा तरी बघता येतो." पुढे रस्ता रुंद झाला, ती विहीर बुजली आणि धुळ्याचा मठ संपला.

चोपड्याला मठात शेवटी एकट्या अक्का उरल्या. वय ऐंशीच्या पुढे, पाणी एकशे दहा फुटांवर. बादली झेपत नव्हती म्हणून त्या तांब्या सोडायच्या. एक तांब्या वर यायला इतका वेळ लागायचा की मी कप्पीला ग्रीस लावून, हात पुसून, चहा पिऊन होई, तरी दोर चालूच.

अशात मनीषा आली. धुळ्याची, सव्वीस वर्षांची, दवाखान्यात नर्स होती. आजी पंथातली, एवढाच संबंध. नोकरी सोडून ती मठाच्या दारात उभी राहिली. नियमाप्रमाणे अक्कांनी तिला तीनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा ती परत गेलीच नाही, बाहेर चिंचेखाली बसून राहिली. अकरा वर्षांत पाणीवर्षाला बसलेलं ते पहिलं माणूस.

मी तिला विचारलं होतं, "दवाखान्यात लोकांची सेवा होत नव्हती का?"

"होत होती, काका. पण एक काम पुरं झालं असं कधी वाटायचं नाही. इथे बादली वर आली की आली."

पंथाची जळगावला समिती होती. तिचे अध्यक्ष नाना, बँकेतून निवृत्त झालेले, पिंप्राळ्यात माझ्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून राहायचे. सज्जन माणूस, पण निवृत्तीनंतर त्यांना कार्य सापडलं होतं. पंथ का आटतो आहे हे शोधायला त्यांनी सगळ्या घरांना छापील प्रश्नावली पाठवली. शेवटचा प्रश्न होता, 'आपल्या पाल्यास दीक्षेपासून परावृत्त करणारे कारण थोडक्यात लिहा.' बहुतेकांनी खरोखरच थोडक्यात लिहिलं, 'पाणी.'

एका दुपारी नाना दुकानात येऊन बसले.

"रहीमभाऊ, पोरीचे हात बघितलेत?"

"बघितले." तिच्या तळहातांना फोड आले होते आणि ती त्यावर चिंध्या बांधून दोर ओढत होती.

"ही पळाली तर संपलं. अक्कांच्या मागे दीक्षा देणारं कुणी नाही. दीक्षा घेतलेल्यानेच दीक्षा द्यायची असते. अक्का आहेत तोवर हिचं वर्ष पुरं झालं पाहिजे."

"मग मोटार बसवू?"

"छे छे. धुळ्याचं पाहिलं की आपण. ओढायचं तर हातानेच. पण पाणी जर आपोआप थोडं वर आलं..." नानांनी छताकडे पाहिलं. "मला काही सांगू नका. मला काही माहीत नको. फक्त पाणी वर आलं पाहिजे."

मी विचार केला. खरं म्हणजे फार केला नाही, युक्ती मला आधीच सुचली होती. मठाला लागून केळीची बाग होती. मालक अनुयायीच, तो लगेच तयार झाला, आणि त्याचा बोअर विहिरीपासून पन्नास फुटांवर. विहिरीच्या भिंतीत, पूर्वी कधी तरी घेतलेल्या आडव्या बोअरचं भोक होतं. आडवा बोअर म्हणजे पाणी यावं म्हणून विहिरीच्या पोटात भिंतीला पाडलेलं लांब छिद्र. त्या भोकाला जमिनीखालून पाइप जोडला, बागेला पाणी देताना थोडं पाणी इकडे वळवलं. मठात दुपारी दोन तास मौन असतं, त्या वेळात अक्का आणि मनीषा आतल्या खोलीत बसायच्या. तेवढ्यात पाणी सुटायचं. काम तीन दिवसांत झालं. भिंतीची दुरुस्ती करतोय असं मी सांगितलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं, भिंतही मी दुरुस्त केली. महिनाभरात एकशे दहाचं पाणी साठावर आलं.

मला फार बरं वाटलं. नियम मोडला नव्हता. दोर होता, बादली होती, हात त्यांचेच होते. मी फक्त अंतर कमी केलं होतं. आयुष्यभर तेच केलं.

पुढच्या महिन्यात समितीच्या पत्रकात बातमी आली, 'तरुण साधिकेच्या व्रताने विहीर भरू लागली.' नानांनी मला अंक आणून दिला आणि माझ्या डोळ्यांकडे न बघता चहा प्यायला. चमत्कार पाहायला दोंडाईच्याहून गाडी करून लोक गेले. विहिरीला हार घातले, नारळ फोडले. एकाने विहिरीबरोबर सेल्फी काढला, अक्कांनी त्याला हाकललं. दुकानात बसून ते पत्रक वाचताना मला हसू येत होतं. चमत्कार साडेसात एचपीचा होता, आणि त्याचा स्टार्टर अधूनमधून अडकायचा.

त्यानंतर कप्पी बघायला गेलो तेव्हा अक्का ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "मिस्तरी, काही सांगानं शे का माले?"

"नाही अक्का. कप्पी ठीक आहे."

"बरं."

दर खेपेला त्यांनी हेच विचारलं. पाइपावर लक्ष ठेवायला माझ्या खेपा वाढल्या होत्या, तेव्हा चार-पाच वेळा तरी. म्हातारपणी माणूस एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतं असं मी मनाशी म्हटलं. सकाळी त्या तांब्या घेऊन नाल्याकडे जाताना दिसायच्या. फिरायला जात असतील, म्हटलं. ऐंशीच्या वर वय, रोज फिरतात, कौतुक वाटलं. घरी येऊन बायकोला त्यांचं उदाहरणही दिलं, कारण ती गुडघे धरून बसली होती.

असे दहा महिने गेले. मनीषाच्या हातांना घट्टे पडले, ती रमली. वर्ष पुरं व्हायला दोन महिने राहिले होते. तेव्हा बोअरची मोटार जळाली. मालक लग्नाला बाहेरगावी गेलेला, त्याला पत्ताच नव्हता. मला फोन आला तो मनीषाचा. मठात फोन नाही, ती चालत गावात येऊन बोलत होती.

"काका, पाणी रोज उतरतंय. मी दोराला गाठी मारते. आठ दिवसांत तीस फूट दोर जास्त लागला. विहीर फुटली का कुठे?"

मी चेनपुली आणि तिपाई घेऊन गेलो. बोअरची मोटार काढायची म्हणजे तिपाई उभी करायची आणि एकेक पाइप वर ओढून सोडवायचा. लपवण्यासारखं काम नाही ते. मी कुंपणाच्या त्या बाजूला होतो, मनीषा या बाजूला येऊन उभी राहिली. तिने बोअर पाहिला. पाण्याच्या ओलीने जमिनीवर पट्टा उठला होता, बोअरपासून थेट विहिरीपर्यंत, त्यावर हिरवं गवत आलेलं. आजूबाजूला सगळं वाळलेलं. ती त्या गवतावरून हळूहळू चालत विहिरीशी गेली, वाकून आत पाहिलं आणि परत आली. पाणी उतरल्यावर भिंतीतलं माझ्या पाइपाचं तोंड उघडं पडलं होतं.

"हे कधीपासून?"

"तू आलीस त्याच महिन्यापासून."

"कुणी सांगितलं होतं?"

नानांचं नाव जिभेवर आलं होतं. पण हात माझे होते. "माझं मीच केलं," मी म्हणालो. "तुझे हात बघवत नव्हते."

ती मठाकडे वळली. आम्ही दोघं अक्कांकडे गेलो. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. माझं झाल्यावर म्हणाल्या, "दहा महिने लागनात तुले."

मनीषा त्यांच्याकडे बघत राहिली. "अक्का, तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच आठवड्यात. पानी कोमट लागनं."

"मग तुम्ही दहा महिने..."

"मी झिऱ्याचं पेस." नाल्याच्या वाळूत हाताने खड्डा केला की त्यात पाणी जमतं, त्याला झिरा म्हणतात; पंथात ती विहीरच धरतात. अक्का रोज सकाळी फिरायला जात नव्हत्या. वाळू उकरून, तांब्याभर पाणी जमेपर्यंत बसून, ते घेऊन परत यायच्या.

"मला का नाही सांगितलं? मी ते पाणी प्यायले, अक्का. रोज प्यायले."

"चूक याची व्हती. याने सांगानी व्हती." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "मी दर खेपेला इचारं."

मला राग आला. चुकीचा मालक मी असलो तरी आला. मी म्हणालो, "अक्का, तुमच्या नियमापायी पोरीचं वर्ष गेलं. एक शब्द बोलला असतात तर मी त्याच दिवशी पाइप काढला असता."

"हां," अक्का म्हणाल्या. "मीबी मोजस ते." आणि त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. आमच्या दोघांत जास्त कोण चुकलं, याचा हिशेब मी अजून करतो आहे. आम्ही दोघंही आपापल्या जागी अगदी बरोबर होतो, आणि मध्ये ती पोरगी होती.

ओट्यावर आल्यावर मी मनीषाला म्हणालो, "दोनच महिने राहिलेत. दोर तूच ओढलास. अक्का धरतील हे वर्ष."

"त्या धरतील असं वाटतं तुम्हाला?"

"मी विनंती करतो."

"नका करू. त्यांनी धरलं तरी मी धरणार नाही." ती रडत नव्हती. नर्स बाई जखमेकडे बघते तशी ती विहिरीकडे बघत होती. "काका, मला सोपं हवं असतं तर धुळ्याला घरात नळ होता."

दुसऱ्या दिवसापासून तिने पाणीवर्ष पहिल्यापासून सुरू केलं. पाणी शंभराच्या खाली गेलं होतं. मी आडव्या बोअरचं भोक सिमेंटने बुजवलं. ते काम मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं केलं असेल.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. नाना, समिती, मोटार, झिरा, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उनका रोजा था समझो. और तुमने चुपके से पानी पिला दिया. प्यास पर तरस खाके." मग पुन्हा भाजीला लागली. मला वाचनाचा नाद आहे, धर्मावरची पुस्तकंही बरीच वाचली. इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

समितीच्या पत्रकात चमत्कार मागे घेतल्याची बातमी आली नाही. अशा बातम्या येत नसतात. नानांनी मात्र दुकानात येणं सोडलं. रस्त्यात भेटले की स्कूटर हळू करायचे, मान हलवायचे आणि पुढे जायचे.

मनीषाचे पहिले दोन महिने उलटून गेले. म्हणजे मी नसतो तर ज्या दिवशी तिची दीक्षा व्हायची तो दिवस गेला. त्या दिवशी अक्का खणखणीत होत्या. मी मुद्दाम गेलो होतो. त्यांनी माझ्यासमोर विहिरीतून तांब्या ओढला आणि शेंगा फोडत बसल्या. पुढच्या उन्हाळ्यातही त्या चालत होत्या. पाऊसकाळ संपून थंडी पडता पडता त्यांनी अंथरूण धरलं.

मला कळलं तेव्हा मनीषाचं वर्ष पुरं व्हायला एकोणीस दिवस राहिले होते. मठात गेलो तर नाना, समितीचे दोघं आणि गावातले डॉक्टर जमलेले. अक्कांची खाट विहिरीशी आणून ठेवली होती. कालपर्यंत त्या खाटेवरून हात लांब करून स्वतः दोर ओढत होत्या, मनीषाने सांगितलं. अर्धा तांब्या वर यायला तासभर लागायचा. आज दोर हातात राहत नव्हता.

डॉक्टरांनी पिशवीतून सलाइन काढलं. अक्कांनी बाटलीकडे पाहिलं.

"हाई कोणी वढं?"

डॉक्टरांना समजलं नाही. हे कुणी ओढलं, असं विचारतायत, मी सांगितलं. त्यांनी बाटली पिशवीत परत ठेवली. सलाइन म्हणजे पाणी की औषध, यावर समितीच्या दोघांत चिंचेखाली बराच वेळ चर्चा चालली. ठराव झाला नाही.

नाना खाटेशी वाकले. "अक्का, एकोणीस दिवसांनी काय फरक पडतो? मनीषाच्या हातून ओंजळभर पाणी घ्या. तुम्हालाही मिळेल, तिचीही दीक्षा होईल. नाही तर पंथ इथे संपतो, अक्का. तुमच्या डोळ्यांदेखत संपतो."

अक्कांनी मनीषाकडे मान वळवली. "बेटी, किती दिवस व्हयनात?"

मनीषाच्या समोर भरलेली बादली होती. तिने ओंजळ भरली असती तर त्या माउलीने तोंड उघडलं असतं का, हे मला सांगता येणार नाही. मनीषा म्हणाली, "एकोणीस राहिलेत, अक्का."

"बराबर," अक्का म्हणाल्या. हिशेब जुळल्यावर माणूस म्हणतो तसं म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. सोळा दिवस राहिले होते. मनीषाने ते सोळा दिवस पाणी ओढलं. सतराव्या दिवशी ओंजळ भरून ती विहिरीच्या कठड्याशी उभी राहिली. प्यायला कुणी नव्हतं. ते पाणी तिने चिंचेला घातलं.

नानांनी समितीची बैठक घेतली आणि मनीषाला दीक्षित मानण्याचा ठराव एकमताने मंजूर केला. प्रत घेऊन ते स्वतः मठात गेले, मला बरोबर घेऊन. एक वर्षाने त्यांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य होतं, "चला, रहीमभाऊ, तुमचं ती ऐकते." तिने कागद वाचला, घडी केली आणि परत दिला. "नाना, ठराव कोण पिणार?" परतीच्या वाटेवर नानांनी चोपड्याच्या स्टँडवर रस घेतला, तोही अर्धा टाकला.

पंथाचं पुढे काय, असं मला ओळखीचे लोक विचारतात. मी मोटारवाला, मी काय सांगणार? सोपं केलं की लोक येतात आणि सोपं आहे म्हणून जातात, हे मी धुळ्याला पाहिलं. अवघड ठेवलं की येतच नाहीत, हे चोपड्याला पाहिलं. आणि जी एक आली तिची वाट मी सोपी करायला गेलो. यातून शिकवण काढायचं काम नानांच्या समितीने करावं, त्यांच्याकडे छापील प्रश्नावली आहे.

मी अजून कप्पी बघायला जातो. धंदा बंद केला, पण ते एक गिऱ्हाईक ठेवलं. या उन्हाळ्यात गेलो तेव्हा कप्पीची कडी झिजली होती, नवी बसवली. मनीषाने चिंचेखाली भाजीचे दोन वाफे केले आहेत. गावातल्या बायका दुखणीखुपणी दाखवायला येतात, ती सांगते काय ते. दीक्षा नाही, म्हणून नियमाप्रमाणे ती मठातली नाही. बाहेरचीही नाही.

"किती वर्षं झाली गं तुला?" मी विचारलं.

"पहिलंच चालू आहे, काका."

मला तहान लागली होती. बाटली वाटेतच संपली होती. तिने तांब्याला दोर बांधून माझ्या हातात दिला आणि वाफ्याकडे निघून गेली. मी आधी खडा टाकला, सवय म्हणून. मग दोर सोडला. चाळीस वर्षं जमिनीतून पाणी काढलं, पण हाताने ओढलं नव्हतं. सत्तरीत एकशे पंधरा फूट म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. चार वेळा थांबलो. एकदा दोर निसटून दहा फूट खाली गेला. ती वाकून तण काढत होती. तिने वर पाहिलं नाही, मदतीलाही आली नाही. तिने येऊ नये अशीच माझी इच्छा होती.

तांब्या वर आला तेव्हा निम्मं सांडलं होतं. उरलेलं मी प्यायलो.

"कसं आहे?" तिने तिकडून विचारलं.

"थंड आहे," मी म्हणालो.

तिने मान हलवली, हात झटकले आणि स्वतःचं पाणी ओढायला विहिरीवर आली. मी दोर तिच्या हाती दिला.